राबावरची माती

गोदाला हट्टी म्हणणारी माणसं सूर्यमाळच्या पाड्यावर काही कमी नव्हती, आणि त्यात पहिला नंबर तिच्या नवऱ्याचा, लक्ष्याचा. "हिच्यापरीस बैल बरा, त्याला वेसण तरी घालता येते," असं तो चारचौघांत सांगायचा. गोदा तिथंच उभी राहून ऐकायची आणि म्हणायची, "मग घे ना बैल. भाकर थापील तो." माणसं हसायची, लक्ष्याही हसायचा. पण दोन हजार एकच्या उन्हाळ्यात गोदाला हे उत्तर एका दमात देता येईना. "मग घे ना" म्हटलं की थांबावं लागे, आणि बैलापर्यंत पोचेतो लोकांचं हसू ओसरलेलं असे.

दुखणं जुनं होतं. नऊ-दहा वर्षांची असताना तिचे गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगटं. ताप आला. भगताने कोंबडं घेतलं, सूज उतरली, आणि कोंबड्याला यश आलं असं सगळ्यांनी धरून टाकलं. त्या तापाने जाता जाता काळजातली एक झडप चिकटवून ठेवली होती, हे कळायला पुढची सत्तावीस वर्षं गेली. तेवढ्यात गोदाचं लग्न झालं, चैती झाली. दरसाल दिवाळी सरली की भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं, शिमग्याला परत यायचं आणि भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा, हे चालूच होतं. दम लागायचा. पण सूर्यमाळच्या चढावर दम कोणाला लागत नाही?

उन्हाळ्यात पाणी खालच्या झऱ्यावर, अर्धा डोंगर उतरून. डोक्यावर हंडा घेऊन वर येताना गोदा आधी एका धोंड्यावर टेकायची. मग तीन धोंडे झाले. मग एके दिवशी ती तिसऱ्या धोंड्यावरच बसून राहिली आणि चैतीने हंडा वर नेला. आडवं झालं की जीव गुदमरायचा, म्हणून ती कणगीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपायची. सासू सुकरी म्हणाली, "बसून झोपते ती कोंबडी. माणूस नाय." बोलली तशी, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच लक्ष्याच्या मागे लागून दोघांना जव्हारच्या एसटीत बसवलं.

जव्हारच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टराने छातीला नळी लावली, डोळे मिटून ऐकलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "लहानपणी सांधे सुजले होते का?" गोदा चाटच पडली. बाहेर आल्यावर लक्ष्याला म्हणाली, "हा भगतापरीस हुशार. कोंबडा न घेता वळखला."

त्याने मुंबईच्या मोठ्या इस्पितळाला चिठ्ठी दिली. तिथे नंबर लागून ऑगस्टात काळजाचा फोटो निघाला. मोठे डॉक्टर म्हणाले, झडप पार आवळून गेली आहे, छाती उघडून मोकळी करावी लागेल. त्यासाठी काळीज तासभर बंद ठेवायचं, तेवढा वेळ रक्त यंत्रातून फिरवायचं, आणि काम झालं की काळीज पुन्हा चालू करायचं. लक्ष्याच्या तोंडचं पाणी पळालं. "बंद? म्हंजे मारायचा आणि मंग उठवायचा?" डॉक्टर म्हणाले, "तसंच समजा. पण आत्ता नाही. हिचं वजन चौतीस किलो, अंगात रक्त कमी, वर मिश्री. अशीच टेबलावर घ्यायची माझी हिंमत नाही. औषधं देतो, दोन महिन्यांनी दसऱ्यानंतर या. थोडी भरून या."

त्याच दालनात गौतम नावाचे तरुण डॉक्टर बसत. ते एक अभ्यास करत होते आणि त्यासाठी ऑपरेशनच्या रोग्यांचं थोडं जादा रक्त मागत होते, पाच वेळा, पाच लहान नळ्या. त्यांनी गोदाला समोर बसवून सगळं समजावलं: ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, मुक्त कण, प्रतिरोधक यंत्रणा. लक्ष्या तलाठ्यापुढे डोलावतो तशी मान डोलावत राहिला. गोदाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मना काय कळला नाय. कळल्याबिगर अंगठा नाय."

"हो म्हणा की नाही म्हणा, ऑपरेशन तेवढंच नीट होईल," गौतम डॉक्टर म्हणाले. ते खरं बोलत होते, पण प्रश्न तो नव्हताच. गोदाला कळायला हवं होतं.

शेवटी त्यांनी आतून नीताला बोलावलं. नीता रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती, पंचविशीची, गळ्यात ओळखपत्र. केसपेपरावरचा पत्ता वाचून तिचा चेहराच बदलला. "सूर्यमाळच्या का तुम्ही? अहो मावशी, मी जव्हारची. आमचे बाबा आदिवासी प्रकल्प कार्यालयात कारकून आहेत."

"मंग तू सांग, बाय. या सायबांना मराठी येत नाय," गोदा म्हणाली. गौतम डॉक्टर सदाशिव पेठेतले होते.

नीताने जरा विचार केला. "मावशी, राब भाजता ना तुम्ही?"

हा काय प्रश्न झाला! राब भाजल्याशिवाय डोंगरात भात होतं का? रोप टाकायच्या तुकड्यावर आधी शेण पसरायचं, त्यावर ऐन-किंजळाच्या टहाळ्या, त्यावर पाला, गवत, आणि सगळ्यात वर बारीक केलेली माती. मग काडी लावायची. माती वर असली की आग उफाळत नाही, आतल्या आत धुमसत राहते, जमीन भाजून निघते आणि राख जागच्या जागी राहते.

"तुमचं काळीज तासभर बंद राहणार," नीता म्हणाली. "रक्त नाही, हवा नाही. आत निखारा दबून राहावा तसं. मग डॉक्टर रक्त अडवून धरणारा चिमटा सोडणार, आणि ताजं रक्त एकदम आत येणार. त्या रक्तात प्राणवायू असतो. तो म्हणजे वारा. दबल्या निखाऱ्यावर एकदम वारा आला तर?"

"भडकंल," गोदा म्हणाली.

"भडकतं. काळजाला आतून चटके बसतात. पण तुमचं शरीर गप्प बसत नाही. ते स्वतःच वरून माती टाकतं. अंगात तशी माती साठवलेली असते. ती किती खर्ची पडली आणि किती लवकर पुन्हा तयार झाली, ते आम्ही रक्तातून मोजतो. पाच वेळा."

गोदाला लग्नानंतरचा पहिला राब आठवला. सोळा वर्षांची होती. सासूला कामाचा झपाटा दाखवायचा म्हणून तिने मातीचा थर पुरता व्हायच्या आतच काडी लावली, आणि तीही वारा येतो त्या बाजूने. आग अशी उठली की कुंपण गेलं, शेजारच्या माघ्याची गवताची उडवी गेली, आणि सगळी राख वाऱ्यावर उडून खालच्या नाल्यात. सुकरी धावत आली आणि घमेल्याने माती मारत सुटली. आग विझल्यावर तिने सुनेच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "आग पेटवायला अक्कल नाय लागत. मुरवायला लागते." त्या दिवसापासून गोदाच्या राबाची आग कधी बांधाबाहेर गेली नव्हती. वारा जातो त्या अंगाने काडी लावायची, आगीला वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू चढू द्यायची, आणि माती हाताशी ठेवायची. पाड्यावर कोणाचा राब बिघडला तर लोक तिला बोलावत.

"म्हंजे माझ्या अंगाला राब भाजता येतो," ती म्हणाली.

"येतो," नीता म्हणाली.

गोदाने अंगठा पुढे केला.

एक गोष्ट इथं सांगायला हवी. नीताने राब कधी भाजलेला नव्हता. जव्हारखालच्या पाड्यात तिच्या आजोबांचं शेत होतं, मे महिन्यात ती तिथं जायची, आणि राबाच्या दिवशी पोरांना लांब आंब्याखाली उभं करत. धूर तिने पुष्कळ पाहिला होता. लांबून पाहिलेल्या गोष्टीची उपमा द्यायला सोपी जाते, आणि तिचा एखादा तुकडा राहूनही जातो.

परतीच्या एसटीत गोदाने नवऱ्याला बजावलं, "पुढल्या राबाला काडी मीच लावणार. तू लावलीस तर बघ." लक्ष्या म्हणाला, "बरा." दुसरं काय म्हणणार तो!

ते दोन महिने गोदाने असे काढले की पाड्याने तोंडात बोटं घातली. मिश्री तिची बाराव्या वर्षापासूनची. घरी पोचल्याबरोबर तिने मिश्रीची डबी सुकरीच्या हातात दिली. "तुमच्याजवळ ठेवा. मी मागितली तर देऊ नका." सुकरी स्वतः मिश्रीवाली, तिने डबी चार दिवसांत संपवून प्रश्नच मिटवला. पहिले आठ दिवस गोदाचं डोकं असं ठणकलं की ती चैतीवर, लक्ष्यावर आणि कोंबड्यांवर सारखीच खेकसली. पण मिश्रीला हात लावला नाही. रोज एक अंडं, आधी नाक दाबून, मग सवयीने. नाचणीची आंबील, शेवग्याचा पाला, भिजवलेले हरभरे, गोळ्या वेळच्या वेळी. गौतम डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, खाल्लं म्हणून ती माती वाढतेच असं कोणी सिद्ध केलेलं नाही, पण रिकाम्या कणगीपेक्षा भरलेली बरी. गोदाला तेवढं पुरे होतं. दसऱ्यानंतर ती काट्यावर उभी राहिली तेव्हा वजन अडतीस भरलं. मोठे डॉक्टर काट्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही मनावर घेतलंत."

"मंग? तुम्ही काय गंमत करत होता?"

ऑपरेशनबद्दल गोदाला काहीच सांगता येत नाही. तोंडावर काहीतरी ठेवलं, एक बाई म्हणाली आकडे मोजा, आणि गोदाला मोजता येत होतं वीसपर्यंत, ती चारावरच संपली. काळीज अठ्ठावन्न मिनिटं बंद होतं. झडप मोकळी झाली. चिमटा सोडल्यावर काळीज थरथरलं, थांबलं, आणि मग विजेचा एक झटका दिल्यावर चालू झालं. हे तिला पुढे नीताने सांगितलं.

जाग आली ती दुसऱ्या दिवशी सकाळी. घशातली नळी नुकतीच काढलेली, छाती कोणीतरी पहारीने फोडल्यासारखी, आणि नाकातोंडावर प्लॅस्टिकचा मुखवटा. त्यातून फुस्स फुस्स करत काहीतरी येत होतं. थंड. तिने डोळे फिरवले. मुखवट्याची नळी भिंतीला गेली होती. तिला एकदम उमजलं. वारा!

आत्ता तर कुठे माती टाकून झाली असेल. खाली निखारा धगधगता, आणि ही शहरातली माणसं वरून फुंकर घालत बसली होती. वारा येतो त्या अंगाने काडी लावणारी जात! तिने हात उचलला आणि मुखवटा खाली ओढला.

नर्स धावत आली. "अहो बाई, काढायचं नाही!" मुखवटा परत चढला. नर्सची पाठ वळली तशी गोदाने तो पुन्हा काढला. उशाशी एक यंत्र होतं, त्यावरचा आकडा सत्त्याण्णवचा नव्वद झाला, नव्वदचा शहाऐंशी, आणि ते बोंबलायला लागलं. तिसऱ्या वेळी दोन नर्सा आल्या. घशाच्या सुजेने गोदाचा आवाज फुटत नव्हता, आणि फुटला असता तरी "माती उडंल" या बोलण्याचा त्यांनी काय अर्थ लावला असता कोण जाणे. "भ्रम झालाय, ऑपरेशननंतर होतं," एक म्हणाली. त्यांनी पट्टीने तिचे हात पलंगाच्या दांड्याला बांधले. गोदाने मग मान हलवून हलवून मुखवटा गालावर सरकवला. हट्टी ती हट्टीच. ओठ काळेनिळे पडत होते, छातीत पुन्हा तो जुना कणगीशेजारचा गुदमर उठत होता, आणि ती दात खाऊन स्वतःशी म्हणत होती, सोस. माती बसेपर्यंत सोस. डॉक्टर येऊन म्हणाले, असंच चाललं तर पुन्हा घशात नळी घालावी लागेल. ती घातली की छातीत कफ धरतो, ताप येतो, अडतीस किलोच्या बाईला ते झेपेल की नाही सांगता येत नाही.

अकराच्या सुमाराला नीता पाचवी नळी भरायला आली. बांधलेले हात बघून ती दारातच थबकली. मग पलंगाशी येऊन वाकली. "मावशी? ओळखलंत का?"

गोदाने सगळा जोर लावला. "बाय. यांना सांग. वारा बंद करा. माझी माती उडंल."

नीताचा चेहरा पांढराफटक पडला. नर्सला वाटलं, पोरगी रडते की काय. नीताच्या लक्षात आलं होतं की ही बाई भ्रमात नाही, ती शब्द न शब्द शहाणपणाने वागते आहे, आणि ते शहाणपण आपणच तिच्या डोक्यात घातलंय, अर्धं. समजावून सांगायला तिने तोंड उघडलं आणि मिटलं. अर्ध्या माहितीवर आणखी काही रचायची तिला भीती वाटली. मग तिने जाणत्या माणसालाच विचारलं.

"मावशी, मी राब कधी भाजला नाही. मला सांगा. माती जास्त पडली तर काय होतं?"

गोदाला रागच आला. हे काय विचारायचं झालं. "विझतो."

"का विझतो?"

"वारा... नाय लागत... आतल्या आगीला..."

आणि ती थांबली. दमाने नव्हे. डोळे छताला लागले. सुकरीचा आवाज आठवला, धपाट्यानंतरचा, संध्याकाळी भाकरी वाढतानाचा: "आणि जादा माती घातलीस तर अर्धा राब कच्चा राहतो. वारा दुश्मन नाय. दांडगा वारा दुश्मन."

"काल चिमटा सोडला तेव्हाचा वारा दांडगा होता," नीता हळूच म्हणाली. "तो गेला, मावशी. तुमच्या अंगाने माती टाकली. आता आत आग आहे ती जगायची आग आहे. तिला थोडा वारा हवा. मी हे तुम्हाला सांगायलाच विसरले. चुकलं माझं."

गोदा नर्सला म्हणाली, "हात सोडा."

"पुन्हा काढाल."

"सोडा म्हणते ना. मीच धरते."

एक हात सोडला. गोदाने गालावरचा मुखवटा ओढून नाकावर आणला आणि तळव्याने दाबून धरला. यंत्रावरचा आकडा रांगत रांगत वर चढला, अठ्ठ्याऐंशी, नव्वद, त्र्याण्णव. दुसराही हात सोडला. मुखवट्याला मागे रबराचा पट्टा होता, धरायची काही गरज नव्हती, हे नर्सने दोनदा सांगितलं. गोदाने तो संध्याकाळपर्यंत हातानेच धरून ठेवला. हात अवघडला की दुसरा लावायची.

घरी सोडायच्या दिवशी नीताने तिला आलेखाचा कागद दाखवला. एक रेघ डावीकडून सरळ येत होती, मग चिमटा सुटला तिथे धाडकन खाली गेलेली, आणि पाचव्या टिंबाला पुन्हा चढलेली. "ही तुमची माती. इथे खर्ची पडली. इथे पुन्हा झाली." गौतम डॉक्टर घाईने म्हणाले, एका माणसाच्या रेघेवरून काही ठरत नाही, चाळीस जणांच्या रेघा झाल्या की मग बोलता येईल. गोदाने चढत्या रेघेवरून बोट फिरवलं.

"सगळ्यांचीच चढते काय?"

नीता म्हणाली, "नाही. काहींची उशिरा चढते. एकाची नाही चढली."

"कोणाचा होता तो? घरी कोण हाय त्याच्या?"

ते सांगायची परवानगी नव्हती, आणि नीताने ते तसंच सांगितलं. गोदाने कागदाची घडी करून तो लुगड्याच्या ओच्यात खोवला.

हिवाळाभर तिने डॉक्टरांचं सगळं ऐकलं. हंडा उचलायचा नाही, उचलला नाही. तो सांध्यांचा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दर एकवीस दिवसांनी कमरेत इंजेक्शन, त्यासाठी सहा किलोमीटर चालत दवाखाना, एकदाही चुकलं नाही. त्या वर्षी भट्टीवर लक्ष्या एकटा गेला. आडवं झोपता येऊ लागलं त्या पहिल्या सकाळी गोदा उठलीच नाही, सुकरी घाबरून नाकाशी हात धरून बसली, आणि सून घोरते आहे हे कळल्यावर तिला शिव्या देत चुलीकडे गेली.

दोन हजार दोनच्या मे महिन्यात नीता रजेवर जव्हारला आली आणि गोदाचा निरोप मिळाल्याप्रमाणे सकाळच्या एसटीने सूर्यमाळला पोचली. राब रचून तयार होता. शेण, टहाळ्या, पाला, गवत आणि वर मातीचा सारखा थर. रचायचं काम लक्ष्याने आणि चैतीने केलं होतं, पण काडेपेटी कालपासून गोदाच्या कमरेला होती. धुरात थांबायचं नाही, एवढी डॉक्टरांची अट तिने मानली होती. ती खालच्या अंगाला गेली, चिमूटभर धूळ हवेत सोडून वारा बघितला, पुन्हा बघितला, आणि काडी लावली. गवत चरचरलं. ती झपाझप बांधावरून वरच्या बाजूला आली, आणि न थांबता आली. लक्ष्याने ते पाहिलं. तो दुसरीकडे तोंड करून उगाचच डोळे पुसत म्हणाला, "धूर फार झाला बा." धूर उलट दिशेला जात होता.

आग वाऱ्याच्या तोंडावर हळूहळू चढत होती. गोदाने मातीचं घमेलं नीताच्या हातात दिलं. "आंब्याखाली उभा राहून झाला ना लहानपणी? आता हितं ये."

तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला आणि मधल्या पट्ट्यात ज्वाळ उठली. नीता गडबडली. घमेलं घेऊन पुढे झाली, मूठ भरली, आणि थांबून मागे वळली.

"मावशी, किती टाकू?"

गोदाने ज्वाळेकडे पाहिलं. तिचा एक हात छातीवरच्या वणावर होता.

"विझणार नाय इतकीच," ती म्हणाली.